जिथे पूर्वी पांचिता होती

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी माणसाने गुडघ्याला पट्टा लावावा, फाटकाशी लिंबाचं रोप लावावं. सर्व्हर लावू नये. आज हे मी शांतपणे सांगतोय, पण त्या आठवड्यात मला एकामागून एक असे धक्के बसले की बायको माझ्याकडे बघून सारखी विचारायची, "तुम्हाला बरं नाहीये, की तुमचं तोंड आता असंच राहणार?"

आमची कंपनी म्हणजे आमच्या घराचं गॅरेज. त्यात मी, योर्लेनी चाकोन आणि मिनोर उलाते असे तिघे बसतो आणि डोंगरावरच्या दूध संघासाठी प्रोग्राम लिहितो. कोणी किती दूध घातलं, त्याला फॅट किती, कुठल्या गोठ्यातलं, वगैरे. चौथी पांचिता. पांचिता म्हणजे कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर. मिनोरने त्याला आपल्या आजीच्या गायीचं नाव दिलं होतं, कारण तीही एकदा बसली की लवकर उठत नसे. आमचं सगळं काम पांचितात जायचं. तिच्यात ‘शेवटचं’ नावाचं एक फोल्डर होतं, ‘खरंच शेवटचं’ नावाचं दुसरं, ‘योर्लेनीचं, हात लावू नये’ हे तिसरं. ‘हात लावला तरी चालेल’ असंही एक होतं, ते रिकामं होतं.

त्या सोमवारी सकाळी योर्लेनीने आपलं फोल्डर उघडलं आणि तिचं तीन आठवड्यांचं काम गायब! त्यावर कोणीतरी जुनंच काहीतरी ठेवून दिलं होतं.

"कोणी केलं हे?" तिने विचारलं.

मिनोरने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आमच्या छतात बघण्यासारखं काही नाही, पण मालकाला अशा वेळी कुठेतरी बघावं लागतं.

आणि नेमका त्याच दिवशी दूध संघाच्या डोन्या आनिया ब्रेनेस यांचा फोन आला. आमच्याकडे मानाने बाईला डोन्या म्हणतात आणि पुरुषाला डॉन. या बाईंना मी तोवर पाहिलेलं नव्हतं, पण त्यांच्या आवाजानेच माणूस खुर्चीत नीट बसतो.

"डॉन ओल्गेर, पुढच्या सोमवारी येतेय मी. तुमच्याकडे कोणी काय आणि कधी बदललं याची नोंद राहते का, तेवढं बघायचंय. राहत असेल तर पुढची तीन वर्षं काम तुमचंच. नसेल तर सान होसेची एक कंपनी विचारतेय. त्यांच्याकडे सर्व्हर आहे म्हणे."

"सर्व्हर ना? अहो, आमच्याकडेही आहे!" मी म्हणालो.

फोन ठेवला तर दोघंही माझ्याकडे बघत होती. दूध संघ सोडला तर आम्हाला दुसरं गिऱ्हाईक नाही. एक दातांचे डॉक्टर होते, ते पनामाला गेले. म्हणजे संघ गेला की गॅरेजात पुन्हा गाडी ठेवायची, आणि गाडी मी गॅरेजासाठी खुर्च्या घेताना विकली होती.

"कुठाय आपल्याकडे सर्व्हर?" मिनोरने विचारलं.

"सोमवारपर्यंत असेल," मी म्हणालो.

हा सर्व्हर म्हणजे चमूचं सगळं काम एका जागी ठेवणारा आणि कोणी कुठली ओळ कधी बदलली हे जन्मात न विसरणारा कारकून. मोठ्या कंपन्या त्यासाठी चार-पाच मशिनं मांडतात. पण माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की लहान चमूने सगळं एकाच मशीनवर बसवलं तरी चालतं. ‘एकाच मशीनवर’ हे शब्द मला फार आवडले. त्यांत एक साधेपणा होता. मी पुढची पानं वाचली नाहीत.

मंगळवारी एक नवीन मशीन उधारीवर आणलं आणि सर्व्हरचा प्रोग्राम विकणाऱ्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस कुठल्यातरी अशा देशातला होता जिथे रस्त्यांना नावं असतात.

"रस्त्याचं नाव सांगा."

"नाही."

"सांगायचं नाहीये?"

"रस्त्यालाच नाहीये."

"बरं, घर क्रमांक?"

"तोही नाही. तुम्ही आपलं लिहून घ्या. बार्वा. जिथे पूर्वी सान मार्तिन बेकरी होती, तिथून दक्षिणेला शंभर मीटर, मग पूर्वेला पंचवीस. हिरवं फाटक."

"बेकरीवर पाटी असेलच."

"बेकरी नाहीये. ती बंद होऊन साठ वर्षं झाली."

मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग साहेब, आमच्या माणसाला ती सापडणार कशी?"

"विचारून," मी म्हणालो. आता याहून सोपं काय असतं? त्या बेकरीचा पाव मी कधी खाल्लेला नाही, वडील म्हणायचे तो फार कडक असायचा. पण मी लग्न केलं तेही तिथून दक्षिणेला शंभर मीटरवर, आणि म्हातारा झालो तोही तिथेच. गावात सगळ्यांचं असंच आहे. चर्चच्या मागचे लोक अजून एका कधीच पडलेल्या आंब्याच्या झाडापासून पश्चिमेला राहतात.

त्यांचा माणूस आला बुधवारी, आणि बाहेरगावचा असल्यामुळे त्याने कोणालाच विचारलं नाही. सरळ जी बेकरी चालू होती तिथे पाकीट देऊन गेला. सकाळी पाव आणायला गेलेली मारिएलोस, म्हणजे माझी बायको, पाव, करंजीसारख्या दोन एम्पानादा आणि सर्व्हर घेऊन आली. पाकिटाला लोणी लागलं होतं. आत पंचवीस अक्षरांचा परवाना क्रमांक होता आणि अकराव्या अक्षरावर नेमका डाग. ते आठ आहे की तीन यावर आमची तासभर चर्चा झाली. शेवटी तो इंग्रजी बी निघाला.

तेवढ्यात डॉन एलादिओ आले. हे आमचे शेजारी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून आपली खुर्ची स्वतः घेऊन फिरतात, म्हणजे कोणी ‘बसा’ म्हणण्याची वाट बघावी लागत नाही.

"नवीन मशीन जमिनीवर ठेवू नका हं," ते बसता बसता म्हणाले. "भूकंपात पहिल्यांदा जमीनच हलते."

"टेबलावर ठेवणार आहे."

"टेबल जमिनीवरच आहे ना पण? आणि याला गारवा लागतो. माझा एक मावसभाऊ सगळ्या वायरी फ्रिजमध्ये ठेवतो. थांबा, पंखा आणतो."

पंखा आणला. तो एवढा मोठा होता की सुरू करताच ‘शेवटचं’चे छापील कागद फाटकापर्यंत गेले. मी कागद गोळा करून आणले. शेजारी आहेत, आणि शिवाय चर्चच्या जत्रा समितीचे अध्यक्ष आहेत.

नवीन मशीन आम्ही कोपऱ्यात मांडलं, पांचिताच्या जागी. मारिएलोस गॅरेजातल्याच एका टेबलावर तामाल, म्हणजे केळीच्या पानात मक्याच्या पिठाच्या पुड्या, बांधते; पांचिताला तशीच चालू ठेवून त्या टेबलाखाली सरकवलं. सीडी घातली. पहिल्याच पडद्यावर मशीनचं नाव विचारलं आणि खाली ताकीद होती की हे नाव नंतर बदलणं अवघड जाईल. एवढं तर पाद्रीबाबाही बारशाला सांगत नाहीत! मिनोरला फुटबॉलच्या गोलकीपरचं नाव हवं होतं, योर्लेनीला वारलेल्या मांजरीचं. मी माझ्या आईचं दिलं, ओफेलिया. कोणी, काय, कोणत्या तारखेला केलं हे तीही मरेपर्यंत विसरली नाही.

मग तपासणी सुरू झाली आणि पडद्यावर सात लाल फुल्या आल्या. मी हादरलो. हे नाही, ते जुनं आहे, त्याला परवानगी नाही, आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू करा. केलं. आता नऊ फुल्या! एवढं करून वाढतात कशा? योर्लेनी म्हणाली, "मी बघू का, डॉन ओल्गेर?" तर मी म्हणालो, "मी आहे ना." हे वाक्य मी त्या दिवशी एकूण सहा वेळा म्हणालो. नंतर तिने मोजून सांगितलं.

दुपारी तीनला पाच कमी असताना शेवटचा प्रश्न आला. सगळा माल कुठे साठवायचा? आता आमच्या घरात तीन वाजता कॉफी होते. आग लागली तरी आधी कॉफी होते आणि मग आगीचं बघतात. कापडी गाळणीतून ती कपात पडल्याचा आवाज येत होता, मारिएलोसने हाकही मारली होती. मी काहीतरी टाइप केलं, ‘पुढे’ दाबलं आणि आत गेलो. परत आलो तर सगळं हिरवं! लहान लहान हिरव्या खुणा, वरपासून खालपर्यंत. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

गुरुवारी सगळं काम ओफेलियात चढवलं आणि मी छोटंसं भाषण केलं. "एक चमू, एक मशीन," मी म्हणालो. "आता कोणाच्या कॉम्प्युटरवर एकही जुनी प्रत राहता कामा नये. घोळ त्यानेच होतो. पुसून टाका!"

"सगळ्या?" योर्लेनीने विचारलं.

"सगळ्या."

"चार दिवस थांबू या का?"

"योर्लेनी, विश्वास नावाची काही चीज असते."

त्यांनी पुसल्या. मीही पुसल्या. मग मी मारिएलोसला म्हणालो की ती पांचिता आता घरातून बाहेर काढा, मला ती डोळ्यांसमोर नको. असं मी तीनदा म्हणालो. हेही नंतर मला मोजून सांगण्यात आलं.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता सोमवारची रंगीत तालीम करायला बसलो. ओफेलिया उघडली. पडद्यावर एकच ओळ होती. साठवणीची जागा सापडत नाही.

मी पुन्हा उघडली. पुन्हा तेच. मशीन बंद केलं, सुरू केलं, वायर काढली, लावली, हलक्या हाताने थापटलं. डॉन एलादिओ खुर्चीवर बसून बघत होते आणि त्यांचा पंखा भणभणत होता.

"हवा कमी पडतेय," ते म्हणाले.

आणि मी स्फोटासारखा ओरडलो. "हवा? अहो, तुमच्या या राक्षसी पंख्यानेच माझा सर्व्हर मारला! कोणी सांगितलं होतं तुम्हाला आणायला?"

बार्वामध्ये कोणी कोणावर ओरडत नाही. नाही म्हणायचं असेल तरी आधी तब्येत विचारतात. डॉन एलादिओ उठले, पंख्याची वायर नीट गुंडाळली, एका हातात पंखा, दुसऱ्या हातात खुर्ची घेतली. "येतो, डॉन ओल्गेर," एवढंच म्हणाले. ते अर्ध्या वाटेत असतानाच योर्लेनीने माझी खुर्ची जरा बाजूला सरकवली आणि ओफेलियाची नोंदवही उघडली.

"डॉन ओल्गेर," ती म्हणाली, "माल कुठे साठवायचा याच्यापुढे तुम्ही काय लिहिलं होतंत?"

"या मशीनचं नाव. दुसरं काय लिहिणार?"

"इथे पांचिता लिहिलंय."

मी खाली वाकून बघितलं. खरंच, पांचिता. सात वर्षं जिथे सगळं ठेवत होतो तिथलंच नाव हाताने लिहिलं होतं, पत्त्यातल्या बंद बेकरीसारखं. म्हणजे हिरव्या खुणा ओफेलियाच्या आणि पोट पांचिताचं! आदल्या दिवशी चढवलेलं सगळं काम गुपचूप तामालांच्या टेबलाखाली जात होतं.

"मग काही बिघडलं नाही," मी घाम पुसत म्हणालो. "पांचिता तिथेच आहे." आणि टेबलाखाली पाहिलं. तिथे धुळीत एक स्वच्छ चौकोन होता.

"मारिएलोस!"

"ओरडताय कशाला? सकाळीच दिली. जत्रेच्या बिंगोला बक्षीस म्हणून. तुम्हीच म्हणालात ना, तीन वेळा?"

मला वाटलं आपण खाली बसावं, पण खाली बसायची जागा तोच चौकोन होता.

आम्ही तिघे चर्चच्या सभागृहात गेलो. पांचिता स्टेजवर होती. तिला जिलेटिनचा कागद गुंडाळला होता, वर लाल फित आणि पाटी: पहिलं बक्षीस. शेजारी खुर्ची टाकून समितीचे अध्यक्ष बसले होते. अध्यक्ष कोण हे मी मघाशी सांगितलंच आहे.

"डॉन एलादिओ, तब्येत कशी आहे?" मी सुरुवात केली.

"देवाच्या कृपेने. थोडी हवा लागते, एवढंच."

"हे बक्षीस आहे ना, त्याच्या बदल्यात मी नवीन कोरं मशीन देतो. ओफेलिया."

"पाटी लागली. गावाने वाचली. गेल्या वर्षी एकाने दिलेलं डुक्कर परत नेलं, लोक अजून बोलतात."

"निदान अर्धा तास उघडू द्या. एक प्रत काढून घेतो."

"बक्षिसाला आधी कोणी हात लावला तर ते बक्षीस राहील का? नियम आहे तो," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "रविवारी दोन वाजता या. कार्ड घ्या. सर्वांना संधी असते."

मी आयुष्यात इतका अपमान गिळला नव्हता. ज्या माणसाला मी पंख्यावरून बोललो, त्याच्याच हातातून माझ्या कंपनीची तीन वर्षं सोडतीत जाणार होती.

रविवारी दोन वाजता सभागृह भरलेलं. योर्लेनीपुढे बारा कार्डं, मिनोरपुढे दहा, माझ्यापुढे पंधरा, आणि पुकारलेल्या आकड्यांवर ठेवायला मक्याचे दाणे; एक रांग भरली की बिंगो. मारिएलोसने एकच कार्ड घेतलं होतं आणि ती शेजारणीशी तामालात बटाटा घालावा की नाही यावर बोलत होती. आधी रकान्याचं अक्षर, मग आकडा, असं डॉन एलादिओच पुकारत होते, अतिशय सावकाश.

"बी... सात."

"ओ... एकाहत्तर."

पंधरा कार्डं सांभाळताना दाणे इकडचे तिकडे होत होते. एका कार्डावर अचानक सगळी रांग भरलेली दिसली आणि मी खुर्चीवरच उभा राहून किंचाळलो, "बिंगो!"

सगळं गाव वळलं. डॉन एलादिओंनी माझं कार्ड मागवलं, चष्मा लावला आणि ध्वनिक्षेपकावरून एकेक आकडा वाचला. "चौपन्न. हा मी पुकारला नाही, डॉन ओल्गेर. दाणा घरंगळला असेल. की पंख्याने उडाला?"

गाव हसलं. मी खाली बसलो. माझं तोंड तसंच राहिलं. योर्लेनीला एकच आकडा हवा होता, पासष्ट. मिनोरने डोळे मिटले होते. पासष्ट, पासष्ट, असं मी मनात इतकं म्हणालो की पुढचा आकडा मला ऐकूच आला नाही.

"मला वाटतं माझं झालं," शेजारून आवाज आला. "अहो, बघा जरा. हे असं आडवं चालतं ना?"

मारिएलोसच्या कार्डावर पाच दाणे एका रांगेत होते. पाचही खरे.

मी तिला सगळ्यांसमोर मिठी मारली. तिने मला जरा दूर केलं. "थांबा," ती म्हणाली. "हे मशीन आता कोणाचं?"

"तुमचं."

"मग माझं ऐका. ते माझ्या टेबलाखाली राहील. आतलं काढून घ्यायचं ते योर्लेनी काढेल. तुम्ही हात लावायचा नाही. आणि आत्ताच्या आत्ता डॉन एलादिओंची माफी मागायची."

मी मागितली, ध्वनिक्षेपक चालू होता हे मला नंतर कळलं. डॉन एलादिओ म्हणाले, "झालं गेलं. पंखा घेऊन येतो संध्याकाळी."

सोमवारी डोन्या आनिया आल्या. बुटक्या, करड्या केसांच्या, हातात छत्री. रात्रीतून योर्लेनीने सगळं ओफेलियात आणलं होतं, आता खरोखर एकाच मशीनवर. बाईंनी कॉफी घेतली, पंख्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "मला एखादी चूक दाखवा. कोणी केली, कधी केली, कशी सुधारली."

"चूक?" मी म्हणालो. "आमच्याकडे तशा चुका..."

योर्लेनीने नोंदवही उघडली होती. पडद्यावर ठळक अक्षरांत होतं. ओल्गेर सुंबादो, बुधवार, दोन वाजून पंचावन्न मिनिटं, साठवणीची जागा: पांचिता. आणि खाली: योर्लेनी चाकोन, रविवार, दुरुस्ती.

मी छताकडे बघितलं. मग एकदम लाज वाटली आणि मी छताकडे बघणं सोडलं. "मी केलं ते," मी म्हणालो. "कॉफीची वेळ झाली होती. आणि योर्लेनी, तुमच्या फोल्डरवर ते जुनं कामही मीच टाकलं होतं. ‘खरंच शेवटचं’ समजून. माफ करा मला."

"मला माहीत होतं," योर्लेनी म्हणाली.

"मलाही," मिनोर म्हणाला.

"सान होसेवाल्यांनाही मी हेच विचारलं होतं," डोन्या आनिया छत्री उचलत म्हणाल्या. "ते म्हणाले, आमच्याकडे एकही चूक नाही. त्यांच्या सर्व्हरवर माझा विश्वास बसला नाही. तुमच्यावर बसला. काम तुमचं. फक्त सर्व्हर या मुलीच्या हाती द्या."

मी फाटकापर्यंत त्यांना सोडायला गेलो. परत आलो तर माझ्या खुर्चीवर योर्लेनी बसलेली होती, आणि मला तामालांच्या टेबलाशी एक स्टूल ठेवलेलं होतं.

दोन आठवड्यांनी संघाकडून कराराचं पाकीट आलं. पोस्टमन कुठेही न चुकता थेट हिरव्या फाटकाशी आला. पाकीट योर्लेनीच्या नावाचं होतं, आणि खाली डोन्या आनियांच्या नीटस अक्षरात पत्ता होता. बार्वा, जिथे पूर्वी सान मार्तिन बेकरी होती तिथून दक्षिणेला शंभर मीटर, पूर्वेला पंचवीस, जिथे पूर्वी डॉन ओल्गेर बसत असत.